फुटके गाडगे आणि दानाचे पात्र

 

वैशाखातल्या नृसिंहजयंतीला यंदा पोखर्णीस आमची कीर्तनसेवा झाली. परभणीहून गंगाखेडकडे निघाले की वाटेत हे गाव लागते. रेल्वेस्टेशनच्या पाटीवरसुद्धा गावाच्या नावाला जोडून देवाचे नाव आहे. असे भाग्य थोड्या गावांचे. कीर्तन संपले, आरती झाली, मंडळी प्रसादाला पांगली. तेव्हा एक वृद्ध माउली आमच्याजवळ येऊन बसल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी घड्या घातलेला एक कागद काढला आणि तो वाचून सांगा म्हणाल्या. कुठल्याशा सरकारी योजनेच्या लाभार्थ्यांची ती यादी होती. त्यांचे नाव यादीत होते, पण नावापुढे अपात्र असा एकच शब्द होता. का अपात्र, ते लिहिलेले नव्हते. त्यांनी आम्हांला एवढेच विचारले, की आपल्यात नेमकी कसली खोट निघाली म्हणून हा शब्द लिहिला असेल.

खरे सांगतो, आम्ही निरुत्तर झालो. कारण हा शब्द काही कचेरीत जन्मलेला नाही. तो आमच्या पाठशाळेतला. दान कोणत्या देशी, कोणत्या काळी आणि कोणत्या पात्राला द्यावे, हे आम्ही लहानपणी घोकलेले. गीतेच्या सतराव्या अध्यायातही सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना ह्या तिन्ही गोष्टी आल्या आहेत. पण आमचे गुरुजी पात्र शब्दापाशी आले की अर्थ सांगायचे वेदाध्ययन केलेला, आचारसंपन्न, कुलवान. भुकेला हा अर्थ आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. आणि गंमत बघा, संस्कृतात पात्र म्हणजे दान घेण्यास योग्य असा मनुष्य, आणि पात्र म्हणजे साधे भांडेसुद्धा. ह्या दुसऱ्या अर्थाचे पात्र डोक्यावर पालथे घालून एक महापुरुष पन्नास वर्षे महाराष्ट्रभर हिंडला, आणि पहिल्या अर्थाची सगळी उलथापालथ करून गेला. त्या रात्री पोखर्णीच्या पारावर त्यांचे चरित्र आम्ही जमेल तसे सांगितले. तेच येथे लिहितो.

श्रीगाडगे महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. नाव डेबूजी, वडील झिंगराजी, आई सखूबाई, आडनाव जानोरकर. जातीने परीट. लोकांचे मळके कपडे धुवायचे हा घरचा धंदा; पुढे ह्या मुलाने लोकांची मळकी गावे धुतली, असे कीर्तनकार म्हणतात आणि आम्हीही म्हणत आलो. वडील दारूच्या पायी गेले. त्या वेळी डेबूजी अगदी लहान. आई मुलाला घेऊन मूर्तिजापूरकडील दापुरे येथे आपल्या माहेरी आली. तिथे मामाची गुरे राखणे, नांगर धरणे, बैल धुणे ह्यातच बालपण गेले. शाळेचा उंबरठा त्यांनी पाहिला नाही. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे!

मामाचे घर खातेपिते होते, पण सावकाराच्या कागदाने ते बुडाले. अंगठा उठवायचा, काय लिहिले ते कळायचे नाही, आणि शेत मात्र जायचे. वऱ्हाडात काय आणि आमच्या निजामी मराठवाड्यात काय, ही गोष्ट घरोघरची. डेबूजींनी ती जवळून पाहिली. पुढे कीर्तनात ते कर्ज काढून सण करू नका, लग्नात पैसा उधळू नका, एक वेळ भांडी विकून हातावर भाकरी खा पण पोराला शाळेत घाला, असे कळवळून सांगत. तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मामाचे शेत उभे असणार.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाचे जेवण घालायला हवे होते. डेबूजींनी पंगतीला गोड जेवण वाढले. भाऊबंद रागावले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. त्या काळी जातीच्या पंगतीचा रिवाज मोडणे म्हणजे वाळीत पडण्याची तयारी ठेवणे. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा सदरा, हातात खराटा, डोक्यावर फुटके मातीचे गाडगे. तेच ऊन-पावसाची टोपी, तेच जेवणाचे ताट, तेच पाणी प्यायचे भांडे. कुठे लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत, कुठे चिंधेबुवा. सर्वांत टिकले ते गाडगेबाबा.

त्यांच्या पहिल्या मोठ्या कामाकडे नीट बघा. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. (आमच्या परभणीकडची पूर्णा वेगळी, ती गोदावरीला मिळते, ही तापीला.) पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. काठावर चिखल, दरड निसरडी. स्नानाला उतरणारी म्हातारी माणसे, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया घसरून पडत. यात्रा पिढ्यान्‌पिढ्या चालू होती आणि पडणारी माणसेही पिढ्यान्‌पिढ्या पडत होती. त्यात कोणाला काही विशेष वाटत नव्हते. हा चिंध्या पांघरलेला माणूस आला आणि एकटाच खोरे घेऊन दरड खणू लागला. मग दोघे आले, चौघे आले, पुढे वर्गणी जमली आणि पक्का घाट झाला. आधी स्वतः हात घालायचा, मग लोकांनी हात घालायचा, पैशाची गोष्ट सर्वांत शेवटी. हा क्रम त्यांनी जन्मभर मोडला नाही.

गावात शिरायची रीतही तीच. सकाळी वेशीपासून झाडायला सुरुवात. लोकांना वाटे कोणी खुळा आला आहे. दिवसभर उकिरडे उपसायचे, गटारी मोकळ्या करायच्या, कोणी भाकरी दिलीच तर गाडग्यात घेऊन खायची आणि रात्री चावडीपुढे कीर्तन. टाळ म्हणून दगडावर दगड! आमचे वडील निजामाच्या काळात पायी पंढरीला जात. त्यांनी वाळवंटात महाराजांचे कीर्तन एकदा ऐकले होते. ते सांगायचे, की निरूपणाला अभंग धरलेला नाही, प्रमाणाची ओवी नाही, नुसता प्रश्नांचा मारा. विचारायचे, उत्तर श्रोत्यांकडूनच काढून घ्यायचे, आणि त्या उत्तरातच श्रोत्यांना पकडायचे. आमच्या गुरुजींना हे कीर्तन वाटतच नसे. देवळातल्या देवाविषयी, नवसाविषयी, यात्रेतल्या बोकडाविषयी महाराज जे बोलत त्यातले काही आम्हांलाही आजतागायत सहज गिळवत नाही. पण ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते आम्ही ऐकले. दोनदा ऐकले. दुसऱ्या वेळी आमच्या पांडित्याचा आम्हांला थोडा संकोच वाटला, एवढे येथे नमूद करतो.

आता पंढरीकडे येऊ. वारकऱ्यांनी ह्या प्रकरणावर थांबले पाहिजे.

महाराज वारीला नियमाने जात, पण देवळात दर्शनाला जात नसत. ते वाळवंट झाडीत. वारीत लाखो माणूस येते, त्यातले किती तरी उघड्यावर, पावसात, चिखलात रात्र काढणारे. बडे लोक, महाराज मंडळी, फडकरी ह्यांची मठात सोय असे. वारकऱ्यांत सगळ्यांची सारखी परवड नव्हती. ज्याला महार म्हणून मठाच्या ओसरीवरही कोणी टेकू देत नसे, तो पंधरा दिवस चालून यायचा आणि नामदेवपायरीच्या पुढे त्याला जाता यायचे नाही. चोखोबारायांचे अभंग आम्ही कीर्तनकार टाळमृदंगात गात होतो, आणि चोखोबांचे जातभाई पावसात भिजत होते. हे आमच्या संप्रदायाच्या डोळ्यांदेखत चालले होते. लिहायला जड जाते, पण खरे आहे ते लिहिलेच पाहिजे. विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या बांधवांना उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींनी मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण केले तेव्हा.

गाडगे महाराजांनी त्याच्या कितीतरी आधी, १९१७ च्या सुमारास, पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले. पुढे मराठा धर्मशाळाही उभी राहिली. त्यांनी देऊळ उघडण्याची वाट पाहिली नाही. भिजणाऱ्याला आधी छप्पर दिले. वर्गणी द्यायला आलेल्या शेठसावकाराला ते हेच पटवीत, की देवळाला कळस चढवण्यापेक्षा यात्रेकरूच्या डोक्यावर पत्रा घाला. दानाचे पात्र कोण, ह्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर असे होते. आमच्या गुरुजींच्या व्याख्येत कुल होते, आचार होता, विद्या होती. महाराजांच्या व्याख्येत भिजणे होते, भूक होती.

पण म्हणून ते सरसकट वाटप करणारे नव्हते. हेही समजून घेतले पाहिजे. आंधळे, पांगळे, महारोगी ह्यांना ते पंक्तीने जेऊ घालीत, कपडे, घोंगड्या देत. नाशिकला त्यांनी धर्मशाळा बांधून सदावर्त चालवले. मात्र हातपाय धड असलेला मनुष्य भीक मागायला आला की त्याला ते कामाला लावीत. फुकट खाणे त्यांना चोरीसारखे वाटे. स्वतः त्यांनी फुकट काही घेतले नाही. दोन घरची भाकरी घ्यायची तर आधी आळी झाडायची. म्हणजे त्यांच्याजवळही पात्र-अपात्राची पारख होतीच. फरक एवढाच, की ती पारख ते माणसासमोर बसून, त्याच्या डोळ्यांत बघून करीत.

आणि स्वतःच्या घराला त्यांनी काय दिले? काही नाही. शेकडो माणसे निजतील अशा इमारती बांधल्या, पण त्या आपल्या बायकामुलांच्या होऊ दिल्या नाहीत. आपण स्वतः झाडाखाली निजले. १९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असता मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. आम्ही हा प्रसंग कीर्तनात रंगवून सांगतो, श्रोते डोळे पुसतात. पण कुंताबाईंचे काय झाले असेल, हे आम्ही श्रोत्यांना सांगत नाही. ती माउली नवऱ्याच्या लौकिकाच्या उन्हात उभी राहिली, सावली तिला फारशी मिळाली नाही. महाराजांच्या चरित्रातली ही बाजू आम्हांला टोचते, आणि टोचलीच पाहिजे असे वाटते.

स्वराज्य आले तेव्हा महाराजांची सत्तरी उलटली होती. सरकार आपले झाले, म्हणून आता सरकारच सारे करील, असे त्यांनी धरले नाही. आणि सरकारशी आपला संबंध नाही, असेही धरले नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचे अनुदान १९४८ च्या सुमारास बंद झाले. तेव्हा महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर ह्यांच्याकडे रदबदली केली आणि ते पुन्हा सुरू झाले, असे सांगतात. ज्याला सही येत नव्हती असा मनुष्य बहुजनांच्या शाळांसाठी मुख्यमंत्र्यांपुढे उभा राहिला. १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. आपण कष्टाने उभारलेली वास्तू, तीही पंढरीतली. पण निजायची सोय आता पुरेशी नाही, शिकायची सोय हवी, हे त्यांनी ओळखले. एखाद्या योजनेचे काम संपून दुसऱ्या कामाची वेळ आली, हे ओळखणारे थोडे. आम्ही तर मठाची एक खोली सोडत नाही! १९५२ साली त्यांनी आपल्या साऱ्या संस्था गाडगे महाराज मिशनकडे सोपवल्या. १९५४ मध्ये कराडला भाऊरावांनी त्यांच्या नावाने कॉलेज काढले.

मुंबईत जे. जे. इस्पितळाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा निघाली, तिच्यामागेही त्यांचाच हात. पुढे मिशनने दादरला बांधलेल्या धर्मशाळेत परळच्या टाटा इस्पितळात उपचाराला आलेले रोगी व त्यांची माणसे उतरतात. परभणी, जिंतूर, गंगाखेडची किती कुटुंबे तिथे राहून आली असतील. आमच्या नात्यातली एक सून तिथे महिनाभर होती. तिला तिथे कोणी जात विचारली नाही, की कसली पात्रता विचारली नाही. रोग्याचे कागद बघितले आणि चटई दिली.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या काठी, वाटेतच, महाराजांनी देह ठेवला. चौदा दिवस आधी बाबासाहेब गेले होते.

चरित्र येथे संपायचे, पण ह्या सत्पुरुषाचे चरित्र मरणाने संपत नाही. सरकारने शौचालयासाठी घरोघर पैसे देण्याच्या योजना पुष्कळ केल्या होत्या. गावोगाव शौचालये बांधली गेली आणि त्यांत गोवऱ्या आणि कडबा भरला गेला. आपल्यापैकी कोणी हे पाहिले नाही असे नाही. २०००–०१ साली महाराष्ट्र सरकारने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. ह्या अभियानाची रीत निराळी होती. आधी पैसे नाहीत. गावाने आपल्या हातांनी झाडायचे, गटारी काढायच्या, पाण्याची जागा राखायची. मग तालुक्याला, जिल्ह्याला, विभागाला, राज्याला तपासणी, आणि जो गाव उतरेल त्याला बक्षीस. ऋणमोचनच्या दरडीवर जो क्रम होता तोच सरकारी कागदावर आला. सरकारी योजनेला संताचे नाव द्यायला खर्च लागत नाही, रीत घ्यायला लागतो. इथे नावाबरोबर रीतही घेतली गेली, आणि म्हणून पहिल्या दोनचार वर्षांत गावांचे रूप पालटलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले. एका गावात तर कीर्तनाआधी पाटलांपासून सगळे हातात झाडू घेऊन उभे! आम्हीही घेतला.

पण बक्षीस म्हटले की त्याची वेगळी नशा असते. दुसऱ्या एका गावात, नाव सांगत नाही, तपासणीची समिती यायच्या आदल्या दिवशी आम्ही होतो. रांगोळ्या, पताका, भिंतींवर सुविचार, सारे लखलखीत. वेशीबाहेरच्या झोपडीतली एक म्हातारी मात्र दिवसभरासाठी नातेवाइकांकडे पाठवलेली. तिची झोपडी समितीच्या वाटेत येत होती. गाडगे महाराज त्या गावी आले असते तर आधी त्या झोपडीपुढे झाडू लागले असते. हे त्या सायंकाळी आमच्या मनात आले होते, पण आम्ही कीर्तनात बोललो नाही. बिदागी ठरलेली होती. आज बोलतो.

झाडण्याचे काम आपल्या संप्रदायाला परके नाही. पोखर्णीपासून जवळच गंगाखेड, जनाबाईंचे गाव. जनाबाई झाडू लागल्या की विठ्ठल केर भरू लागे, ही कथा आम्ही सहाशे वर्षे सांगत आलो. त्या कथेत देवाने केराची पाटी उचलण्याआधी जनीची जात किंवा पात्रता तपासल्याचे कुठे आलेले नाही. गाडगे महाराजांनी ती कथा सांगितली असेल नसेल, पण त्यांनी ती पन्नास वर्षे करून दाखवली.

पारावरचे लोक हे ऐकत होते. ती वृद्ध माउलीही बसल्या होत्या. रात्र बरीच झाली तेव्हा गावातला एक शिकलेला तरुण पुढे आला आणि त्याने त्यांचा तो कागद घेतला. मोबाइलवर काय ते उघडून त्याने शोधले. आधारकार्डावरचे वय आणि दुसऱ्या कागदावरचे वय जुळत नव्हते, एवढीच खोट! माउलींना ते समजावून सांगायला आणखी अर्धा तास लागला. आपल्या जन्माची तारीख आपल्यालाच ठाऊक नाही तर ती कागदाला कशी ठाऊक, असे त्यांचे म्हणणे. तरुणाने दोन दिवसांनी त्यांना सोबत घेऊन तालुक्याला जाण्याचे कबूल केले, आणि गेलाही. अर्ज पुन्हा दाखल झाला आहे. आम्ही पंढरीच्या वाटेला लागलो तोपर्यंत नवी यादी लागलेली नव्हती.